कवळी घेऊन चायना बझारात

सोलापूर स्टेशनावर गाडीत चढताना माझ्याजवळ दोन सारखे स्टीलचे डबे होते. एकात शेंगांची चटणी होती आणि दुसऱ्यात माझ्या वडिलांचे दात. वाडी जंक्शन मागे पडल्यावर समोरच्या बर्थवरच्या बाईंनी जेवण काढलं, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी चटणीचा डबा उघडून पुढे केला. ओल्या कापसात गुंडाळलेली, मधोमध दुभंगलेली गुलाबी कवळी त्यांच्याकडे बघून हसली. बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या, आमच्याकडे लोणचं आहे." पुढचा प्रवास आम्ही दोघींनी खिडकीबाहेर बघत केला.

या डब्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे. आप्पा, म्हणजे माझे वडील, एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. त्यांची वरची कवळी पंचवीसेक वर्षांपूर्वीची. चार महिन्यांपूर्वी ती धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. आम्ही सोलापुरात लागोपाठ तीन नव्या करून घेतल्या. पहिली टोचायची, दुसरी शिंकेसरशी बाहेर यायची. तिसरी बसली झकास, पण तिने आप्पांच्या तोंडातला 'च' पळवला. मराठीत एकच 'च' लिहितात, पण असतात दोन. 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'पाच' म्हणताना दातांना. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे हे मला ठाऊक होतं. आप्पांना ते ऐंशी ओलांडल्यावर कळलं. ते चारला 'शार' आणि पाचला 'पाश' म्हणायला लागले. एका संध्याकाळी तळ्याकाठी त्यांच्या मित्रमंडळात कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून आप्पांनी कवळीही काढून ठेवली आणि बोलणंही.

आप्पा म्हणजे बातम्यांच्या वर आवाज काढून बातम्यांवर बोलणारा माणूस. भाजीवाल्याला भाजी कशी लावावी हे शिकवणारा. असा माणूस चार महिने फक्त 'हं' म्हणतो आणि दुधात कुस्करलेली भाकरी खातो, हे बघवत नव्हतं. कडक भाकरीशिवाय ज्याचं पान हलत नसे त्याच्यापुढे काला ठेवताना मलाच अपराधी वाटायचं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. पण ते खोलीतून बाहेर यायचेही कमी झाले होते. मला भीती वाटायला लागली होती.

मी मुलाकडे, निखिलकडे, चेन्नईला चार दिवस जाणार हे कळल्यावर आप्पांनी कॅलेंडरचं पान फाडून त्यावर लिहिलं: 'मद्रास. चायना बझार. चिनी डॉक्टर. जोडला तर तोच जोडेल.' आणि डबा माझ्या पुढ्यात ठेवला.

आप्पा मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी सरकारी कारखान्यात नोकरीला होते. मी आणि आई सोलापुरात, ते तिकडे सरकारी क्वार्टरमध्ये एकटे. दिवाळीला आणि मे महिन्यात यायचे. एरवी पत्र. पत्रात 'काल पॅरिसला जाऊन आलो' असं असायचं, आणि माझे वडील अधूनमधून परदेशी जातात असं मी तिसरीत वर्गभर सांगून ठेवलं होतं. 'पॅरीस' हा मद्रासच्या जुन्या बाजाराचा नाका आहे, हे फार उशिरा समजलं. इतक्या वर्षांत मी एकदाही आवडीला गेले नाही. सुट्टीत तेच येत असल्यामुळे आम्ही जाण्याचा प्रश्न कधी निघालाच नाही.

निखिलचं ऑफिस सिरुसेरीला आहे आणि तो राहतो शोळिंगनल्लूरला. दोन्हीकडे काचेच्या इमारती आणि मधून मधून नारळाची झाडं. पहिल्या दिवशी त्याने मला खाली इडलीच्या गाड्यावर नेलं आणि माझी तयारी करून घेतली. "आई, चेन्नईत चायना टाउन वगैरे काही नाहीये. पण तुला जायचंच असेल तर विचारत जा. दात म्हणजे पल्. डॉक्टरला डॉक्टरच म्हणतात. एंगे म्हणजे कुठे." मी पल् हा शब्द आपल्या भिंतीवरच्या पालीवरून लक्षात ठेवला आणि तिथेच घोटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढून गुलाबी रंगवलेली बस पकडली. या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. कंडक्टरने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्यामुळे दीड तास मला आपण फुकट्या आहोत असंच वाटत राहिलं. उतरले ती पॅरीसला. समोर हायकोर्टाचे लाल घुमट, डाव्या हाताला फुलांचा बाजार आणि रस्त्यावर माणसं, हातगाड्या, पार्सलांचे ढीग. एक गल्ली नुसत्या लग्नपत्रिकांची, दुसरी दोरखंडांची, तिसरी काचेच्या बांगड्यांची. चायना बझार हे त्या मोठ्या रस्त्याचं जुनं नाव आहे असं एका पोलिसाने सांगितलं. मी टोकापासून टोकापर्यंत दोनदा चालले. लाल कंदील नाहीत, कमान नाही, आणि चिनी चेहऱ्याचा एकही माणूस नाही. उन्हाने डोकं तापलं तेव्हा कपबशांच्या एका मोठ्या दुकानात शिरले.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "एन्न वेणुम?" (काय हवं?)

मी पाठ केलेलं वाक्य ठणकावून म्हटलं, "चीना पाल् डॉक्टर एंगे?"

तो आत गेला आणि चिनी मातीचा एक पांढराशुभ्र दुधाचा जग घेऊन आला. मी मान हलवली, तर त्याहून मोठा घेऊन आला. तिसऱ्या जगाला माझा धीर सुटला आणि मी मराठीत ओरडले, "अहो दूध नको हो! दात, दात!"

मागून आवाज आला, "बाई, तुम्ही मराठी कीं?"

पांढरं वेष्टी (लुंगीसारखं नेसलेलं धोतर) नेसलेले, कपाळाला गंध लावलेले एक सत्तरीचे गृहस्थ नातवाच्या बारशासाठी कप निवडत होते. "आम्हीहि मराठीच. तंजावूरकडचे. घरांत मराठी, बाहेर तमिळ," ते म्हणाले. शब्द सगळे आपले, पण सूर असा की वाक्य टेकडी चढून पुन्हा उतरल्यासारखं वाटावं. "पाल् म्हटल्यास दूध. दांतास पल्. तुम्ही चीनाचें दूध मागितलें, त्यानें चीनाचें भांडें दिलें. त्याचा काय अपराध?" आणि ते पोट धरून हसले. दुकानदारही हसला. मीही हसले, कारण दुसरा इलाज नव्हता.

"पण इथले चिनी लोक गेले कुठे?" मी विचारलं.

"होते कोठें जायला? चीनाचीं भांडीं विकत, म्हणून चायना बझार म्हणत असें आमचे वडील सांगत. चीनी मनुष्य मीं इथें एकहि पाहिला नाहीं. तुम्हांस पल्लु डाक्टर पाहिजे, तर तो माउंट रोडच्या मागें. बापाचें दुकान, आतां लेक पाहते. माझे दांतहि तेथलेच." त्यांनी तोंड उघडून भर दुकानात मला दोन्ही कवळ्या दाखवल्या आणि रिक्षावाल्याला पत्ता समजावून दिला. "पल्लु म्हणा, पल्लु. सरीया?" (ठीक ना?) मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला "सुखें जाऊन या" म्हटलं. हे असं आमच्याकडे आता कुणी म्हणत नाही.

इतक्या वर्षांत आप्पांच्या डोक्यात चिनी डॉक्टर आणि चायना बझार एक झाले असणार. माउंट रोडच्या मागची गल्ली मोटारींच्या सुट्या भागांची निघाली. दोन टायरवाल्यांच्या मध्ये एक निळं अर्धं दार, वर 'चायनीज डेंटिस्ट' अशी तमिळ आणि इंग्रजीत पाटी, उंबऱ्याशी तांदळाच्या पिठाची कोलम (रांगोळी). चपला बाहेर काढायची पद्धत. आत झुलती जुनी खुर्ची, भिंतीवर डोंगरनदीचं एक फिकट झालेलं चित्र. चिनी म्हणावं असं तेवढंच. आणि दार उघडून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात सुती सलवार कमीज, केसांत मोगऱ्याचा गजरा.

"उक्कारुंग मा," (बसा) त्या म्हणाल्या. मी हिंदीत सुरुवात केली, त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, आणि पुढचं सगळं बोलणं आम्ही दोन्हीची मोट बांधून केलं. मी डबा उघडला. या खेपेला बरोबर डबा होता.

त्यांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन जुळवून पाहिले, शेवटच्या दाढेच्या मागे नख फिरवलं आणि म्हणाल्या, "आमचीच आहे. इथे खाच आहे बघा. अप्पा प्रत्येक कवळीला घालतात." मग आत तोंड करून हाक मारली, "अप्पा!" त्याही वडिलांना अप्पाच म्हणतात याची मला गंमत वाटली. आतून थोरले डॉक्टर आले. पंच्याऐंशीच्या घरातले, बनियन आणि चौकड्याची लुंगी, भुवया पांढऱ्या आणि लांब. त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं.

"माणूस कुठे आहे, विचारतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सोलापूरला. येण्यासारखी परिस्थिती नाही. गाडीत चौदा-पंधरा तास, आणि चार महिने ते घराबाहेरच पडलेले नाहीत." मग मी सगळंच सांगून टाकलं. तिसरी कवळी, शार, पाश, तळ्याकाठचं हसू. सांगता सांगता मी पदराने डोळे पुसले, दोन टायरवाल्यांच्या मधल्या त्या खोलीत, पूर्ण अनोळखी माणसांपुढे. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास दिला आणि ऐकून घेतलं.

"जोडता येईल," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. पंचवीस वर्षांचा माल आहे, बिस्किटासारखा झालाय. जोडण्याआधी कडा घासाव्या लागतात. घासताना भुगा झाला तर तुमच्या हाती काहीच राहणार नाही. विचारा त्यांना."

मी घरी फोन लावला. आमच्या ह्यांनी तो आप्पांच्या कानाला लावला. मी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "घासू दे का, आप्पा? तुटू शकते."  मग "हं." एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढंसं उत्तर घेऊन मी तुकडे देऊन टाकले. साडेपाचला या, म्हणाल्या.

पाच तास काढायचे होते. मेट्रोने पुन्हा हायकोर्टाकडे गेले, कारण निखिलने अत्तो खाऊन ये असं बजावलं होतं. बर्मा बझारच्या मागच्या रस्त्यावर चार वाजता गाड्या लागायला सुरुवात झाली. बर्मातून परतलेल्या तमिळ कुटुंबांचा हा धंदा. अत्तो म्हणजे केशरी रंगाच्या जाड शेवया, त्यात कच्चा कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, तिखट आणि कुरकुरीत पुरीचा चुरा. गाड्यावरच्या बाईंनी सगळं पातेल्यात घेऊन हाताने खसाखसा कालवलं. सोबत वाटीत केळीच्या गाभ्याचं गरम सूप, ते फुकट आणि हवं तितकं. मी अंड्याशिवाय मागितलं. "बर्मात असंच करतात का?" असं खुणांनी विचारल्यावर बाई हसून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बर्मा हम नहीं देखा. पाटी (आजी) देखा." शेवया चिनी, नाव बर्मी, हात तमिळ, आणि खाणारी सोलापूरची. चव मात्र सरळ जिभेला कळणारी, आंबट आणि तिखट. मी दोन बशा खाल्ल्या आणि साडीवर चिंचेचा डाग पाडून घेतला.

खाताना चित्त सगळं त्या निळ्या दाराआड होतं. दर दहा मिनिटांनी वाटायचं, आता भुगा झाला असेल. सव्वापाचलाच जाऊन बसले.

कवळी एका काचेच्या वाडग्यात पाण्यात होती. अखंड. मी हात जोडले. पण डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी होती. त्यांनी कवळी उलटी करून माझं बोट आतून फिरवलं. टाळूच्या बाजूला, समोरच्या दातांच्या मागे, सांध्यावर भर घातल्यामुळे एक वरंबा आला होता. "जोड पक्का आहे. पण हा उंचवटा असाच ठेवला तर त्यांना बोलताच येणार नाही. किती घासायचा, ते त्यांचं बोलणं ऐकल्याशिवाय कळत नाही. आमच्या दुकानाची रीत आहे, दात बोलल्याशिवाय दाराबाहेर जात नाहीत."

"म्हणजे?"

"प्रत्येक भाषेला जीभ वेगळीकडे लागते. आजोबांपासूनची पद्धत आहे. कवळी घातली की माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या भाषेतला अवघड शब्द म्हणायला लावायचा. आला नाही तर घासायचं, पुन्हा म्हणायला लावायचं. तेलुगू माणसाला वेगळा शब्द, मारवाड्याला वेगळा. तुमच्या वडिलांचा आवाज आहे का कुठे? आधीचा, कवळी मोडण्यापूर्वीचा?"

मी मोबाइल काढला. आप्पांचे फोटो होते शेकड्यांनी. वाढदिवसाचे, गच्चीवरचे, हुरडा पार्टीतले, झोपलेलेसुद्धा. आवाज एकही नव्हता. एक व्हिडिओ मिळाला, त्यात मीच बोलत होते आणि आप्पा केक कापत होते. ज्या घरात हा माणूस दिवसभर बोलत असे त्या घरात कुणालाही ते साठवून ठेवावंसं वाटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मराठीची बाई म्हणून तर जास्तच वाटली.

काही सुचेना म्हणून निखिलला फोन केला.

"आवाज ना? आहेत की," तो म्हणाला. "चाळीस-पन्नास तरी असतील. आप्पा दर रविवारी पाठवायचे मला."

"तुला? काय पाठवायचे?"

"पाठवतो, ऐक."

पहिला आवाज उघडला आणि त्या खोलीत आप्पा बोलायला लागले. खणखणीत, दम देत, चार महिन्यांपूर्वीचे. "हं, निखिल, आजचा धडा. समोरचा वयानं मोठा असेल तर उक्कार म्हणायचं नाही, उक्कारुंग. 'ग' लावायचा. 'ग' विसरलास की इज्जत गेली. आता केळी घ्यायला जाशील तर काय म्हणशील? वाळप्पळम. तू ळ म्हणतोस, तो आपल्या बाळातला ळ. तो नाही. जीभ मागं वळव आणि कुठं टेकवूच नको. लोंबकळत ठेव. वाळप्पळम. म्हण परत."

थोरले डॉक्टर खुर्चीतून उठून माझ्या शेजारी आले होते. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, कानाशी धरला आणि पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा आप्पा 'वाळप्पळम' म्हणाले तेव्हा तेही बरोबर म्हणाले. मग हसत, मान डोलवत लेकीला काहीतरी सांगायला लागले.

"आमच्या अप्पांचाच शब्द आहे हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तमिळ माणसाला ते हाच म्हणायला लावतात. निम्म्या चेन्नईला तो येत नाही, लोक वायप्पयम म्हणतात. पण अप्पा म्हणतात, माणसाला नाही आला तरी चालेल, दातांना आला पाहिजे." त्यांनी कवळी उजेडात धरली. जोडाच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या भागात, एक उथळ खळगा मुद्दाम घासलेला दिसत होता. "बघा. ही मराठीसाठी केलेलीच नाही. तमिळसाठी केलीय. तुमच्या वडिलांनी अप्पांना सांगितलं असणार, मी दिवसभर तमिळ बोलतो."

आप्पांचा 'ळ' आमच्या घरात थट्टेचा विषय होता. मऊ, तोंडात विरघळणारा. आई म्हणायची, "तुझ्या आप्पांचा काळा रंगसुद्धा गोरा वाटतो ऐकायला." आम्हाला वाटायचं, वय झालं. तो खळगा मी बोटाने चाचपला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की या माणसाचं एक अख्खं आयुष्य तिकडे आवडीला झालं होतं. त्यातला फक्त दिवाळी आणि मे महिना आमच्या वाट्याला आला होता. आणि परत आल्यावर ती भाषा बोलायला त्यांना घरात कुणी नव्हतं. निखिल चेन्नईला लागला तेव्हा मिळालं. कवळी मोडल्यावर त्यांचे रविवारही मोडले, आणि आम्ही त्यांना चटणी चावता येत नाही म्हणून हळहळत बसलो होतो. मला रडू आलं. या वेळी पाण्याचा ग्लास थोरल्या डॉक्टरांनी आणला.

मग काम सुरू झालं. लेक बारीक चाकावर घासायची, वडील आत अंगठा फिरवायचे आणि "इन्नुम" (अजून) म्हणायचे. मधेच आप्पांचा आवाज लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, अंगठा पुन्हा आत. मला आप्पांच्या तोंडात दुसऱ्या कुणाचा अंगठा असल्यासारखं वाटत होतं. तासाभराने म्हाताऱ्यांनी अंगठा काढला आणि 'इन्नुम' म्हणाले नाहीत. झालं होतं.

निघताना मी थोरल्या डॉक्टरांना विचारलं, की तुमच्या स्वतःच्या कवळीची परीक्षा कुठल्या शब्दावर झाली? लेकीने तमिळमध्ये सांगितलं. ते बोलले, आणि लेक जरा चपापली.

"आमच्या चीनमधल्या गावच्या बोलीतल्या शब्दावर, म्हणतायत. मोठ्या काकांनी ऐकली होती. काका गेले. मला ती बोली येत नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं." मग त्या मला म्हणाल्या, "रीत मोडलीय आम्ही. तुमच्या वडिलांनी कवळी घातली की पहिला फोन इथे करायचा. अप्पांना ऐकायचीय. तोपर्यंत ही दुकानातच आहे असं समजा."

चायना टाउन बघायला मिळालं का, असं निखिलने रात्री जेवताना विचारलं. मी म्हटलं, मिळालं, दोन खोल्यांचं आहे. मग त्याच्या मोबाइलमधले सगळे रविवार माझ्या मोबाइलमध्ये घेतले.

सोलापूरला पोचले ती सकाळी. आप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. गेल्या चार महिन्यांत ते या वेळी बाहेर आलेले नव्हते. त्यांनी डबा घेतला, बेसिनशी जाऊन कवळी धुतली. या खेपेला खाली टॉवेल अंथरला होता. घातली. आरशात पाहिलं. येऊन बसले. 

"बोला की, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मोबाइलकडे बोट केलं. मी आदल्या दिवशी फोनवर रीत सांगितली होती, ती त्यांनी माझ्यापेक्षा गांभीर्याने घेतली होती. मी डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पांढऱ्या भुवया दिसल्या. आप्पांनी हात जोडले, घसा खाकरला आणि म्हणाले, "वाळप्पळम."

  म्हातारे डॉक्टर म्हणाले, "इन्नुम." आप्पांनी पुन्हा म्हटलं. मग पलीकडून हसू आलं, आणि आप्पांनी तोंड उघडलं ते मिटेचना. तमिळ. भराभर, हातवारे करत, मांडीवर थाप मारत. मला त्यातलं आवडी कळलं, सायकल कळली, पॅरीस कळलं. बाकी काही नाही. इतका मोठा हसण्याचा आवाज आई गेल्यापासून आमच्या घरात झाला नव्हता. हे दाढी अर्धी टाकून बघायला आले. चहा दोनदा गार झाला. पाऊण तास झाल्यावर थोरले डॉक्टर एकाएकी गंभीर झाले, स्वतःचा डावा गाल ओढून काहीतरी दाखवायला लागले. आप्पाही गंभीर झाले, मान डोलवली, नमस्कार केला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी घाबरून विचारलं.

"डाव्या बाजूनं हवा जातीय म्हणतात. फोनवर ऐकून नाही जमायचं. माणूसच यायला पाहिजे म्हणतात."

मी पाऊण तास समोर बसून ऐकत होते. मला कुठेच हवा जाताना ऐकू आली नव्हती. 'च' स्वच्छ होता, आणि 'ळ' तर होता तसाच होता. पण त्यातलं मला काय कळतं?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, येतो," आप्पा म्हणाले. "तिकीट बघ. खालचा बर्थ घे."